अँगल पालथा ठेवायचा

आमच्या घरी वैशाखात दोन गोष्टी ठरलेल्या. गच्चीवर आईच्या कुरडया आणि खाली अंगणात बाबांचं रेड ऑक्साईड, म्हणजे लोखंडावर लावायचा लाल प्रायमर. दोघांनाही कडक ऊन लागायचं, दोघंही पहाटे उठून कामाला लागायचे, आणि दरवर्षी दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं, की थिनरचा वास कुरडयांना लागतो. बाबा म्हणायचे, वास वर जात नाही. आई म्हणायची, मग मला इथे वर कसा येतोय. हे मी १९९८ पासून ऐकत आलेय, कारण आमचं नाशिकमधलं इंदिरानगरचं रो हाऊस त्या वर्षी झालं आणि पुढच्या दहा बाय बाराच्या तुकड्यात बाबांनी लगेच वेलांसाठी लोखंडी मांडव उभा केला.

मांडव म्हणजे अगदी साधा. चार पाय, वर चौकट, मधे तीन आडवे, बस. लोखंड पण नवीन नव्हतं. पिंपळगावला मामाची द्राक्षबाग, तिथे जुना मांडव काढून वाय, म्हणजे इंग्रजी Y सारखे आधार, करायचं चाललं होतं, त्यातून निघालेले अँगल, म्हणजे एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या, बाबांनी टेम्पोत घालून आणले. मामा म्हणाला भंगारात टाकणार होतो, तर बाबा म्हणाले मग मी भंगारवाला समज. सातपूरला कंपनीत मशीन शॉपला आयुष्य गेलेलं, त्यामुळे लोखंडाचं काही असलं की बाबांना बाकीच्यांचं मत लागायचंच नाही. वेल्डिंगवाला अँगल आडवा लावायला लागला तसं बाबा खालून ओरडले, ‘अहो पालथा ठेवा, उताणा नको!’ मला तेव्हा त्यात काय एवढं असं वाटलं. अँगल उताणा लावला तर त्याची पन्हाळ होते, पाणी साचतं, त्यात पानं पडून कुजतात आणि तो चिखल नोव्हेंबरपर्यंत ओला राहतो. पालथा लावला की घराच्या पाख्यासारखं पाणी दोन्हीकडून ओघळून जातं. एवढंच. पण तो मांडव आज पंचवीसेक वर्षं उभा आहे आणि मी प्रदर्शनातून आणलेली कमान तीन पावसाळ्यांत गेली, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय.

कमानीचं सांगते आधी. बाबा २०१९ च्या डिसेंबरात गेले. पुढचा मे लॉकडाऊनचा, रंगाची दुकानं बंद, आणि उघडी असती तरी कोणाला सुचणार होतं. त्याच्या पुढचाही तसाच गेला. मग २०२१ ला जरा मोकळं झाल्यावर मी हौसेने एक कमान आणली, काळी, पावडर कोटिंग केलेली, वर नक्षीचे गोल, फाटकापाशी लावायला. विकणारा म्हणाला ताई याला काही करावं लागत नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं ना, की मी किंमत पण फार पाडून मागितली नाही. खाली दोन खड्डे केले, सिमेंट ओतलं, मधुमालती चढवली. दोन वर्षांत मधुमालतीने कमान अशी गिळली की संध्याकाळी गल्लीतून जाणारे थांबून वास घ्यायचे, पांढरे, गुलाबी, लाल घोस एकाच वेळी, मला तर बाई फारच कौतुक झालं स्वतःचं.

२०२४ च्या जुलैत एका रात्री पाऊस आणि वारा एकदम आला आणि सकाळी कमान वेलासकट फाटकावर आडवी. दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं वर मोडलेले. काठी मोडावी तसं नव्हतं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे खचलेले. वरून रंग शाबूत, अगदी काळा कुळकुळीत. वेल्डिंगवाले चाचा बघायला आले, त्यांनी चौकोनी पाईपचा एक तुकडा उचलून फरशीवर आपटला आणि आतून मूठभर लाल भुसा पडला. ‘ताई, हा आतून सडलाय, बाहेरून काय बघता.’

ते झालं कसं, तर चौकोनी पाईप पोकळ असतो. वरच्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी असते, ती उन्हाने तडकते. वेल्डिंगमधे कुठेतरी सुईएवढं भोक राहिलेलं असतंच. तिथून पाणी आत जातं आणि खाली सिमेंटमधे पाय पक्का गाडलेला, म्हणजे बाहेर पडायला वाट नाही. शिवाय दिवसा तापून रात्री गार होताना आतल्या हवेतली वाफ भिंतीला धरते ती वेगळीच. आणि पावडर कोटिंग कितीही चांगलं असलं तरी ते बाहेरून. चाचा म्हणाले पाईप लावायचाच तर खाली, जमिनीच्या जरा वर, एक बारीक भोक पाडून ठेवायचं, म्हणजे आलेलं पाणी निघून जाईल. लोकांना हे उलटं वाटतं, भोक पाडलं की पाणी आत जाईल म्हणून ते सगळं बुजवत बसतात.

अँगलला मुळात आतच नाही. त्याच्या दोन्ही बाजू उघड्या, सगळीकडे ब्रश पोचतो, गंज लागला तर दिसतो. दिसायला ओबडधोबड हे मान्य आहे. मामाच्या बागेतला अँगल कोणी फाटकापाशी नक्षी म्हणून लावणार नाही. पण मला विचाराल तर पावसात उभं करायचं लोखंड असं असावं की ज्याचं पोट आपल्याला दिसतं.

आता गंज म्हणजे तरी काय, पाणी, हवेतला ऑक्सिजन आणि लोखंड हे तिघं भेटले की होतं ते. तिघांतला एक काढला की खेळ बंद, आणि रंग म्हणजे फक्त पहिल्या दोघांना बाहेर थोपवून धरणं. ॲल्युमिनियमवर पण असाच थर धरतो, पण तो चिकटून बसतो आणि खालच्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पापुद्रे सुटतात आणि खाली नवीन लोखंड उघडं पडतं, की परत पहिल्यापासून. हवेतला ओलावा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की याला वेग येतो. नाशिक काही मुंबई नाही, इथे खारा वारा नाही आणि उन्हाळा चांगला कोरडा असतो, त्यामुळे आपल्याकडचे लोक जरा निर्धास्त असतात. पण जुलै-ऑगस्टमधे इगतपुरीकडून ते ढग येऊन बसले की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, रुमाल वाळत नाही तिथे लोखंड काय वाळणार.

(मराठीत गंज म्हणजे भांडंसुद्धा, आणि कडब्याची गंजी वेगळी, आणि गव्हावर पडतो तो तांबेरा. इंग्रजीत गव्हावरच्याला आणि लोखंडावरच्याला एकच शब्द आहे, रस्ट. आपल्याकडे गव्हाला तांबेरा म्हणतात हे मला जास्त बरोबर वाटतं, रंग डोळ्यासमोर येतो. असो.)

नाशिकचा माणूस पूर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, असं. बाबा पावसाळा मांडवाच्या पायावर मोजायचे. जमिनीवर पडलेलं पाणी माती घेऊन वर उडतं ना, त्याची एक रेघ पायावर उमटते, साधारण वीतभर उंच. गंज नेमका त्या रेघेच्या खाली असतो. वरचा भाग वाळतो, खोल गाडलेल्या भागाला हवा कमी मिळते, पण मातीच्या तोंडाशी दोन्ही भरपूर, ओल पण आणि हवा पण. वर आपण तिथेच खत घालतो, युरिया, डीएपी, हे शेवटी क्षारच, आणि क्षाराचं पाणी म्हणजे गंजाला मेजवानी. म्हणून बाबांनी पायांभोवती सिमेंटचा कट्टा केला तो मातीच्या वर चार बोटं, आणि वरून सपाट नाही, चारी बाजूंना उतार, शिवलिंगाच्या शाळुंकेसारखा नाही बरं का, उलट, टोपीसारखा. माझ्या कमानीचं सिमेंट जमिनीच्या खाली होतं आणि त्यावर मी छान माती पसरून ऑफिस टाइमची फुलझाडं लावली होती. लोखंडाभोवती ओली माती आणि वर झाडं, म्हणजे अगदी लपवून ठेवलं मी ते.

यावरून दिल्लीचा लोहस्तंभ आठवला. मेहरौलीला कुतुबमिनारपाशी आहे तो, सात मीटरच्या वर उंच, सहा टनांच्या वर वजन, साधारण १६०० वर्षं उघड्यावर उभा आणि न गंजलेला, म्हणून आपण शाळेत छाती फुगवून उत्तर लिहायचो. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ घट्ट थर तयार होतो आणि तोच त्याला राखतो, दिल्लीची कोरडी हवा पण मदतीला येते. हे सगळं खरं. पण त्या स्तंभाचा जो भाग जमिनीखाली गाडलेला होता, त्याला मात्र गंज लागलेला आढळला. हे वाचलं तेव्हा मला आनंदच झाला, म्हणजे गुप्तांच्या काळातल्या लोहाराचं जे झालं तेच माझंही झालं.

बाबांचा कार्यक्रम आखाजीनंतर सुरू व्हायचा. बाबा मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे आमच्याकडे अक्षय्य तृतीया नाही, आखाजी. मृगाच्या आत सगळं संपलं पाहिजे असा नियम. सकाळी सातला सुरू, दहाला बंद, कारण ऊन चढलं की अँगलला हात लावता येत नाही, आणि तापलेल्या लोखंडावर रंग लावला तर तो नीट पसरायच्या आत सुकतो, वर ब्रशचे ओरखडे राहतात आणि फोड येतात. पहिले दोन-तीन दिवस नुसतं खरवडणं. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, कोपऱ्यात जुनी हॅक्सॉची पाती. तो खर्रर्र आवाज अजून कानात आहे, सुट्टीत झोपमोड करणारा. मी विचारायचे, वरून रंग मारला तर काय होतं? तर म्हणायचे, दात न घासता लवंग खाल्ल्यासारखं होतं. सुटा गंज राहिला की नवीन रंग लोखंडाला धरतच नाही, गंजाला धरतो, आणि गंज पडला की रंग घेऊन पडतो.

नवीन लोखंडाला तर अजून एक भानगड असते. कारखान्यातून येतानाच त्यावर निळसर काळी पापडी असते, दिसायला छान गुळगुळीत, आणि फॅब्रिकेशनवाले बरेचदा तिच्यावरच रेड ऑक्साईडचा पातळ हात मारून ग्रिल घरी आणून देतात. ती पापडी पुढे तडकते. मग आपण म्हणतो रंग खराब होता.

खरवडून झालं की थिनरच्या फडक्याने पुसायचं, आणि त्याच दिवशी प्रायमर, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. गंमत म्हणजे रेड ऑक्साईडचा तो लाल रंग म्हणजे आयर्न ऑक्साईडच, गंजाचाच सख्खा भाऊ. गेरू पण त्याच घरातला. म्हणजे तुळशीच्या कुंडीला आई लावायची तो गेरू, बाबांच्या डब्यातला प्रायमर आणि मांडवावरचा गंज, सगळे एका आडनावाचे. बाबा म्हणायचे काट्याने काटा काढायचा. फक्त एक आहे, की प्रायमर हा शेवटचा कपडा नाही. तो पाणी पितो. आमच्या गल्लीत दोन घरांची फाटकं वर्षानुवर्षं नुसत्या लाल प्रायमरमधे उभी आहेत, नंतर रंग मारू म्हणून, आणि त्यांच्यावर आता कुठे प्रायमर आणि कुठे गंज हे सांगता येत नाही.

मग ऑइल पेंटचे दोन हात, मधे एक रात्र जाऊ द्यायची. आणि आधी कडा, मग सपाट भाग. हे बाबांचं सगळ्यात कडक. रंग ओला असताना धारेवरून मागे सरकतो, त्यामुळे कडेवर तो सगळ्यात पातळ बसतो आणि गंज सुरू होतो तोही कडेवर आणि वेल्डिंगच्या गाठीवर. म्हणून एक इंची ब्रश घेऊन पहिल्यांदा सगळ्या कडा आणि सांधे रंगवायचे, ते सुकले की मग पूर्ण हात. मला हे काम दिलेलं असायचं कारण माझा हात बारीक, आणि मी ते अर्ध्यावर टाकून गच्चीवर चीक खायला पळायचे.

मामाकडे मात्र लोखंडाशी वेगळंच नातं बघितलं. बागेवर बुरशीसाठी बोर्डो मारायचा असतो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. मोरचुदाचं पाणी लोखंडी बादलीत कधी करत नाहीत, बादलीच खाऊन टाकतं ते. आणि मिश्रण झालं की मामा घासून चकचकीत केलेला विळा त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढायचा. विळ्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय, अजून घाल. लखलखीत बाहेर आला तर फवारणी चालू. लहानपणी मला ती जादू वाटायची, लोखंडाचा विळा तांब्याचा होतो! प्रत्यक्षात लोखंड विरघळत असतं आणि त्याच्या जागी तांबं बसत असतं. हे तेव्हा लक्षात ठेवलं असतं तर पुढचा मूर्खपणा टळला असता. आजीच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या मी माळ्यावरून काढून मांडवाच्या लोखंडी हुकात अडकवल्या, किती पारंपरिक दिसतंय म्हणून फोटो पण काढले. तांबं-पितळ आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले राहिले की झिजतं लोखंड. एका पावसाळ्यात हुकाला, नेमकं कडी टेकते तिथे, खाच पडली. आता मधे रबराची चकती आहे आणि पावसाळ्यात कड्या घरात.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र कमान नव्हे. २०२१ च्या दिवाळीत घराला रंग काढला, तेव्हा रंगाऱ्याला म्हटलं मांडव पण मारून टाका. त्यानेही मारून टाकला. पावसाळा नुकताच संपलेला, जुन्या पापुद्र्यांच्या आत ओल तशीच, त्यावर चकचकीत हिरवा. दिवाळीच्या फोटोत मांडव असा दिसतोय की विचारू नका. पुढच्या जूनमधे सगळीकडे फोड, नखाने दाबलं की आतून लालसर पाणी. आपण सगळेच रंग दिवाळीला काढतो, कारण दिवाळीला पाहुणे येतात. लोखंडाकडे पाहुणा जूनमधे येतो. बाबांनी वैशाखात का रंगवलं हे मला त्या फोडांपर्यंत कळलं नव्हतं, मला वाटायचं त्यांना सुट्टी तेव्हा असते म्हणून.

कमान पडल्यावर चाचा म्हणाले होते जीआय पाईपची करून देतो. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं, साधारण ४५० डिग्रीच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. जस्ताचं वागणं घरातल्या मोठ्या बहिणीसारखं, स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, लहानसा ओरखडा आला तरी. पण वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळून जातं, पांढरा धूर निघतो तो त्याचाच, आणि तो नाकातोंडात जाऊ द्यायचा नसतो. म्हणजे सांध्यावर परत झिंकवालं प्रायमर लावावंच लागतं, आणि उरलेल्या गुळगुळीत जस्तावर साधा ऑइल पेंट थेट लावला तर काही दिवसांनी सालपटासारखा निघतो, त्याला आधी वेगळं प्रायमर. काही करावं लागत नाही असं काही नसतंच, हे मला आता पटलंय. मी कमान पुन्हा करून घेतली नाही. भंगारवाल्याने जुनी तराजूवर टाकली तेव्हा त्यालाही वजन बघून हसू आलं, आतलं लोखंड आधीच गेलेलं.

या वर्षी मेमधे मी स्वतः मांडवाला हात घातला. बाजारात आता गंजावर लावायचं ते कन्व्हर्टर मिळतं, दुधासारखं पांढरं, लावलं की थोड्या वेळात काळं पडतं. पहिल्यांदा बघितलं तर मला आजीची विळी आठवली, कच्ची केळी चिरली की काळी पडायची आणि हातही काळे. तीच भानगड आहे ही, केळ्यातलं टॅनिन आणि लोखंड. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करायचे तीही अशीच. तर कन्व्हर्टर वाईट नाही, जिथे ब्रश पोचत नाही अशा सांध्यात मी वापरलं. पण पापुद्रे सुटत असतील तर त्याचा उपयोग नाही, आणि वरून रंग लावावाच लागतो. खरवडण्याला त्याने सुट्टी मिळत नाही, मी आशा करून बघितली.

खरवडताना रंगांचे थर निघत गेले. माझा तो दिवाळीचा हिरवा, त्याखाली चंदेरी, त्याखाली निळा, मग एक चॉकलेटी जो मला आठवतच नव्हता. आईला विचारलं, तर म्हणाली कंपनीतून उरलेला डबा आणला होता त्यांनी, मी चिडले होते, अंगणात काय रेल्वेचा डबा करायचाय का म्हणून. आई आता कुरडया करत नाही, गुडघे. बाहेरून आणतो. पण मी खाली थिनरचा डबा उघडला की वरून आवाज येतो, खिडकी लावून घे आधी.

तीन पाय झाले, चौकट झाली, कडा आधी, सपाट नंतर, सगळं नियमाने. चौथ्या पायावर जुईच्या जाळीत बुलबुलाचं घरटं निघालं, दोन पिल्लं, चोची वासून. तिकडे ब्रश घासणं शक्यच नव्हतं. म्हटलं आठ दिवस थांबू. आठाचे पंधरा झाले, पिल्लं उडाली त्याच्या आदल्या संध्याकाळी पहिला पाऊस आला, आणि तो मग थांबलाच नाही. आता तीन पाय हिरवे आणि एक पाय तसाच, खालच्या वीतभर पट्ट्यात लालसर दिसायला लागलाय. त्याला मी प्लॅस्टिक गुंडाळून सुतळी बांधलीये. हे चूक आहे हे मला माहितीये, आत घाम धरतो, सुतळी पण ओली राहते, उघडा ठेवला असता तर उलट बरा वाळला असता. आई रोज खिडकीतून बघते आणि काही बोलत नाही. उघडीप मिळाली की काढते.